तिरवण्याचा हिरवा दिवा

आमच्या तालुक्यात बेचाळीस गावं. त्यातला कुठला डोंगर कधी अंगावर येईल हे आधी सांगायचं, याचा सरकार मला पगार देत होतं. कागदावर माझा हुद्दा तालुका आपत्ती-जोखीम अधिकारी असा लांबलचक होता. लोक मात्र मला डोंगराची डॉक्टरीण म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

२०४१ सालच्या ऑक्टोबरातली चौदा तारीख होती. समुद्रात वादळ उभं होतं आणि तीन दिवस पाऊस खळला नव्हता. तहसील कचेरीच्या पहिल्या मजल्यावर, नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर, बेचाळीस गावांचे बेचाळीस चौकोन चमकत होते. तीस हिरवे, अकरा पिवळे आणि एक लाल. लाल होतं आडेलवण. तिथे डोंगराखाली एकशे ऐंशी माणसं राहत होती, आणि कचेरीच्या हाताशी असलेल्या चारही बसगाड्या त्यांना आणायला गेल्या होत्या. माझं गाव तिरवणे. ते हिरवं होतं. आकडा अठ्ठ्याण्णव. तिरवण्याच्या तळवाडीत, डोंगराच्या अगदी पायाशी, माझे वडील एकटे राहत होते. तो आकडा बघूनच मी सकाळचा चहा निवांत घेतला होता.

हा आकडा कुठून यायचा, ते सांगायला हवं. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आपटतात तेव्हा जमीन थोडीशी थरथरते. आपल्याला कळत नाही, पण ही थरथर मैलोन्‌मैल आत जाते आणि डोंगरातून आरपार निघते. डोंगराच्या दोन अंगांना जमिनीत कान पुरले, तर तीच थरथर आधी एका कानाला ऐकू येते, मग दुसऱ्याला. मधला वेळ मोजला की ती डोंगरातून किती वेगाने गेली ते कळतं. डोंगर कोरडा, घट्ट असला की वेग जास्त. पोटात पाणी शिरलं, माती सैल झाली की वेग उतरतो. बाजारात बाई मडकं वाजवून घेते, त्यातलाच हा प्रकार. या यंत्रणेचं नाव होतं कानोसा.

पण मडकं वाजवणाऱ्या बाईला चांगलं मडकं कसं वाजतं ते आधीच ठाऊक असतं. यंत्राला ते शिकवावं लागतं. निरोगी डोंगराचा सलग बहात्तर तासांचा वेग घ्यायचा आणि त्याला म्हणायचं शंभर. पुढे आकडा सत्त्याण्णवच्या खाली आला की पिवळा, चौऱ्याण्णवच्या खाली आला की लाल. अडचण एवढीच, की हे बहात्तर तास शांत हवेत. पाण्याचे पंप, ट्रॅक्टर, चिरेखाणीतली करवत, सगळं यंत्राला ऐकू येतं आणि शंभर बिघडतो. बाकीच्या तालुक्यांतले अधिकारी हा गोंगाट गाळण्यात महिनेच्या महिने घालवत होते.

मी तिरवण्याची. मला उत्तर पाठ होतं. आमच्याकडे गावपळण असते. दर तीन वर्षांनी मार्गशीर्षात रवळनाथाचा कौल मिळाला, की अख्खा गाव उठतो आणि वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस, तीन रात्री. मागे गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, पंप चालत नाही. बहात्तर तास चिडीचूप असं गाव अख्ख्या महाराष्ट्रात शोधून मिळालं नसतं. बाकीचे गावाला वळसे घालत होते आणि कळसा माझ्या काखेत होता! दोन वर्षांपूर्वीच्या गावपळणीच्या आदल्या दिवशी मी डोंगरात कान पुरले आणि गावाबरोबर बाहेर पडले. तीन दिवस झोपड्यांत कोंबडी-वडे खाल्ले. परतले तेव्हा यंत्राकडे तिरवण्याचा शंभर तयार होता. जिल्ह्याला माझा सत्कार झाला. परंपरेचा विज्ञानासाठी उपयोग करणारी अधिकारी, असं काहीतरी सत्काराच्या पाटीवर लिहिलं होतं.

दहा चाळीसला माझा फोन वाजला. भिवाकाका होते. तिरवण्याचा पाट त्यांच्याकडे असतो. वरच्या झऱ्याचं पाणी पाटाने खाली बागायतीत आणायचं, तो साफ ठेवायचा, हे काम त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे.

"रसिका, माका जरा सांग," ते ओरडून बोलत होते, मागे पाऊस कोसळत होता. "पाटाक पाणी लय झालाहा. बागेत शिरता म्हणान मी सकाळीच तोंड बांधलंय. तसाच ठेवू मां? तुझ्या यंत्राक काय होवचा नाय मां?"

"बांधलात म्हणजे? मग पाणी खंय जाता?"

"खंय म्हंजे? सड्यार. गावपळणीक सोडतंव तसाच."

मी खुर्चीवर बसले होते, ती उठून उभी राहिले. "काका, गावपळणीक तुमी पाट बांधतास?"

"अगो, तिरवण्याची मां तू? तीन दिस गावात पाण्यान सुद्धा येवचा नसता. माणसा जायच्या आदी मी तोंड बांधतंय, आनि सगळा पाणी सड्यार सोडून देतंय. माझ्या बापाशीन केल्यान, आज्यान केल्यान. तुका म्हायत नाय?"

मला माहीत नव्हतं. मी गावाच्या पुढे-पुढे चालत गेले होते. मागे राहून शेवटचा माणूस काय करतो ते मी कधी बघितलंच नव्हतं. विचारलंही नव्हतं. आपल्याच गावाबद्दल विचारायचं काय?

सडा म्हणजे आमच्या डोंगराचा माथा. वर सपाट जांभा दगड, चाळणीसारखा भोकाभोकांचा. त्याच्या खाली पांढरट चिकणमातीचा थर. सड्यावर सोडलेलं पाणी जांभ्यातून झिरपत थेट त्या मातीवर जातं, आणि ती माती ओल्या साबणासारखी होते. माझं यंत्र ज्या तीन दिवसांत निरोगी डोंगर कसा असतो ते शिकत होतं, त्या तीन दिवसांत भिवाकाकांनी झऱ्याचं सगळं पाणी डोंगराच्या पोटात सोडलं होतं. मी यंत्राला आजारी डोंगर दाखवला होता आणि सांगितलं होतं, बाळा, हा निरोगी.

मग मला मे महिना आठवला. यंदाच्या मेमध्ये तिरवण्याचा आकडा एकशे चार आला होता. निरोगीपेक्षा निरोगी! उन्हाने यंत्र तापलं असेल म्हणून मी तो दोष समजून नोंदीतून खोडून टाकला होता. तो दोष नव्हता. आमच्या डोंगराचा खरा शंभर तोच होता.

भिंतीवरचा अठ्ठ्याण्णव मी एकशे चाराने भागला. चौऱ्याण्णव पूर्णांक दोन. लालच्या रेघेला टेकलेला. मी बघत असतानाच पडद्यावरचा आकडा सत्त्याण्णव पूर्णांक सात झाला. म्हणजे खरा त्र्याण्णव पूर्णांक नऊ. रेघ ओलांडली होती, आणि चौकोन हिरवागार होता.

"काका, तुमी घरात रवा नको, देवळात जावा," मी म्हटलं. "आनि सड्यार जावा नको. पाट सोडूक सुद्धा नाय. मी येतंय."

तहसीलदार मुजावर मॅडम खालच्या दालनात दोन फोनवर एकदम बोलत होत्या. मी सांगितलं ते त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग दोन्ही फोन टेबलावर उपडे ठेवले.

"रसिका, चारही गाड्या आडेलवणला आहेत. तिथला आकडा एक्क्याण्णव आहे. लालला गाड्या, हिरव्याने घरात थांबायचं, हा नियम तूच लिहिलास."

"हो मॅडम. पण तिरवण्याचा हिरवा खोटा आहे."

"आणि तिरवणे तुझं गाव. तुझे वडील तिथले गावकर. मी आडेलवणच्या गाड्या तिकडे वळवल्या, तर उद्या लोक काय म्हणतील? आपला तो बाब्या." त्या माझ्यावर चिडलेल्या नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. "गाड्या देऊ शकत नाही. नदीपलीकडच्या टेपाडावरचं हायस्कूल उघडून देते. ते काळ्या कातळावर आहे ना? तांदूळ आहे तिथे. पण पूल साडेतीनच्या आसपास पाण्याखाली जाणार. आणि हिरवं गाव हलवायचं तर मला कारण लेखी दे."

मी उभ्या-उभ्याच कागद ओढला. 'तिरवणे येथील नोंदी तांत्रिक दोषामुळे विश्वासार्ह नाहीत.' सही केली. तांत्रिक दोष! हात चांगला सराईत होता माझा. त्या दोन शब्दांत मी कुठेच नव्हते.

कचेरीची जीप घेऊन मी निघाले. चौदा किलोमीटर. पाण्यात आणि पुलाच्या फरशीत वीतभर अंतर उरलं होतं. गावात शिरले तेव्हा साडेबारा झाले होते. वेशीवरच्या खांबावर कानोसाचा बॅटरीवरचा दिवा लागलेला होता, पावसात धुऊन निघालेला, हिरवा. दोन वर्षांपूर्वी मीच तो बसवला. खाली दोन बायका छत्री धरून गप्पा मारत उभ्या होत्या. त्यांना वाटत होतं, दिवा हिरवा आहे तोवर भीती नाही. बरोबरच होतं त्यांचं. मीच तसं शिकवलं होतं.

तळवाडीत त्रेसष्ट घरं, दोनशे अकरा माणसं; गावची सगळी वस्ती तीच. वीज गेल्यामुळे बरेच जण रवळनाथाच्या देवळात जमले होते. आपा, म्हणजे माझे वडील, खांबाला टेकून बसले होते. गावकर म्हणून देवाला कौल लावायचा मान त्यांचा. मी त्यांना बाजूला, नगारखान्याच्या आडोशाला नेलं आणि सगळं सांगितलं. पाट, सडा, शंभर, एकशे चार. आपा चौथी शिकलेले, पण डोंगराचं त्यांना सांगावं लागत नाही.

"कितको वेळ आसा?" त्यांनी विचारलं.

"ता कोणच सांगूक शकणा नाय. दोन तास. नायतर दोन दिस. पूल मात्र साडेतीनाक जातलो."

"मग सांग सगळ्यांक."

"आपा, दिवो हिरवो आसा. माझा कोण आयकणार?" मी आवाज आणखी खाली आणला. "तुमी कौल लावा. आनि काय पण पडांदे, उजवो पडलो म्हणान सांगा. गावपळण म्हटल्यार सगळी उठतली. तासाभरात गाव भायर."

आपा माझ्याकडे बघत राहिले. माझ्या जन्मात त्यांनी माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं.

"देवाच्या नावार खोटा बोलू?"

"दोनशे अकरा माणसा आसत, आपा."

"आसत. माझी आसत ती. आज खोटो कौल सांगान भायर काढतलंय. उद्या कोणाक कळला, मगे? पुढच्या खेपेक कोण उठात?" ते उठले. "कौल लावतंय. खरो. काय पडात ता सगळ्यांसमोर पडात."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. गाव देवळात लोटला. आपांनी आंघोळ केली, ओल्या पंच्याने गाभाऱ्यात गेले, पाषाणाच्या दोन्ही अंगांना फुलाच्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. त्यांनी गाऱ्हाणं घातलं, गावावर संकट आहे, वेळ नसताना गावपळण मागतोय, लेकरांना सांभाळ. मी हात जोडून उभी होते. मी विज्ञानाची पदवीधर, आणि उजव्या कळीला मनातल्या मनात विनवण्या करत होते. पड गे बाय, पड.

डावी पडली.

आपांनी दुसऱ्यांदा लावला. पुन्हा डावी.

लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला. कोणीतरी हसलंसुद्धा. "झाला तर मगे," मागून आवाज आला. "यंत्र हिरवा म्हणता, देव नको म्हणता. चला घराक, चूल पेटवया."

माणसं चपला शोधू लागली. एक वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. मी टॅब्लेट उघडला. सत्त्याण्णव पूर्णांक एक. माझ्या मनातल्या खऱ्या हिशेबाने त्र्याण्णव पूर्णांक चार. मला भीती वाटत होती आणि लाजही, आणि दोन्हीपैकी जास्त काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. मी नगाऱ्याची काठी घेतली आणि एक टोला मारला.

"थांबा! दिवो खोटो आसा," मी म्हटलं. "मी खोटो केलंय."

सगळे वळले.

"दोन वर्सांमागे मी डोंगराक यंत्रा लावलंय, गावपळणीक. गाव रिकामी, आवाज नाय, म्हणान. माझी शान वाढली त्येच्यान. पण गावपळणीक पाट बांधतत आनि पाणी सड्यार सोडतत, ह्या मी कोणाक विचारूक नाय. यंत्र भिजलेल्या डोंगराक बरो डोंगर समाजला. आज डोंगर मरणाचो भिजलोहा, तरी यंत्र म्हणता, ह्यो तर नेहमीसारखोच. दिव्याचो दोष नाय. भिवाकाकांचो नाय. माझो. मी चुकलंय."

मग शालनकाकी पुढे आल्या. आमच्या शेजारच्या. आई गेल्यावर मला वेणी घालायला शिकवणाऱ्या.

"म्हंजे दोन वर्सा तू आमका फसयलंस?"

"हो काकी."

"गेल्या पावसात माझी चार नातवंडा त्या डोंगराच्या पायाकडे निजली. दिवो हिरवो बघान निजवलंय मी तेंका! तुझ्या भरवशार!" त्यांचा हात उठला आणि मध्येच थांबला. मारला असता तर बरं झालं असतं.

भिवाकाका खांबाला धरून उभे होते. "मगे चूक माझी गो? मी पाणी सोडलंय..."

"नाय काका. तुमी तुमचा काम केलात. माका विचारूक व्हया होता. मी विचारूक नाय."

"आता काय सांगतंस तू?" मघाशी हसलेला तो आवाज पुन्हा आला. आता तो हसत नव्हता. "देव नको म्हणता. देवाचो कौल मोडूचो?"

कौल डावा पडला असताना गाव सोडणं म्हणजे काय, हे मलाही कळत होतं. पुढच्या तीन पिढ्यांत घरात काहीही वाईट झालं, तरी लोकांनी बोट त्या दिवसाकडे दाखवलं असतं. लोक आपांकडे बघू लागले. आपा गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ओल्या पंच्यानिशी तसेच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"कौल गावपळणीक नाय मिळालो," ते म्हणाले. "म्हणान गावपळण होवची नाय. संपला." मग ते दोन पायऱ्या उतरले. "पण आज माझ्याकडे जेवाण आसा. हायस्कुलात. गावकराचा आवतण, त्रेसष्ट घरांक, चूलबंद. घरटी एक माणूस धाडलात तर चालणा नाय. बाळंतीण, म्हातारी-कोतारी, सगळी व्हयी. गोठ्यातली ढोरा पण माझी पावणी. तीन वाजायच्या आदी पूल ओलांडूचो."

क्षणभर कोणाला काही कळेना. चूलबंद आवतण म्हणजे त्या दिवशी यजमानाकडेच जेवायचं, आपली चूल पेटवायचीच नाही. तिरवण्यात गावकराचं चूलबंद आवतण कोणी नाकारल्याचं मी ऐकलेलं नाही. जेवायला जायला कौल लागत नाही.

"जेवणाक काय आसा, गावकरानूं?" भिवाकाकांनी विचारलं.

"भात आनि कुळथाची पिठी. चला."

शालनकाकी सगळ्यांत आधी निघाल्या. माझ्या अंगावरून गेल्या, घराकडे जाऊन दहा मिनिटांत चार नातवंडांना ओळीने रस्त्यावर आणलं. मग मी जे बघितलं, ते कुठल्याही सरकारी सरावात मला बघायला मिळालेलं नाही. कोणी आरडाओरडा केला नाही. कोणी कपाटं उघडत बसलं नाही. या गावाच्या हातापायांना घर कसं सोडायचं ते माहीत होतं. दावी सुटली, कोंबड्या टोपल्यांखाली गेल्या, आजारी माणसं खाटांवर घातली गेली. फक्त कोणी हसत नव्हतं. गावपळणीला सगळे हसत निघतात.

मी पुलावर उभी राहून माणसं मोजली. पाणी पुलाच्या फरशीवरून वाहू लागलं होतं. गुरं पाय टाकायला तयार होईनात, त्यांच्या शेपट्या पिरगाळून नेली. दोनशे आठ. दोनशे नऊ. तीन वाजून पाच मिनिटांनी भिवाकाका आले. दोनशे दहा. आपा नव्हते. मी मागे धावत सुटले, तर वळणावर ते दिसले. गाईला घेऊन येत होते. गाय आठ महिन्यांची गाभण, चालत नव्हती. मी मागून ढकललं, त्यांनी पुढून ओढलं. पुलावर पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. वेशीवरचा दिवा मागे वळून बघितला तर दिसत होता. तो आम्हा सगळ्यांना सांगत होता, की घाबरण्याचं कारण नाही.

हायस्कूलच्या व्हरांड्यातून नदीपलीकडची तळवाडी समोर दिसते. चार वाजून वीस मिनिटांनी आधी कुत्री भुंकायची थांबली. मग आवाज आला. गडगडाट नव्हता तो. जड काहीतरी फरफटत न्यावं तसा, लांबलेला, न संपणारा आवाज. सड्याची कडा एका अंगाने खाली बसली आणि अख्खा डोंगर माडांसकट, उभ्याच्या उभा, तळवाडीवर चालत आला. माड काही वेळ ताठ होते. मग तेही आडवे झाले. देऊळ दिसेनासं झालं. आमचं घर कुठल्या क्षणी गेलं ते मला बघता आलं नाही, कारण मी टॅब्लेटकडे बघत होते. तिरवणे, बरोबर सत्त्याण्णव. हिरवा पिवळासुद्धा झाला नव्हता. मग आकड्याच्या जागी एक आडवी रेघ आली.

बायकांनी हंबरडा फोडला. शालनकाकींनी नातवंडांची डोकी आपल्या लुगड्यात दाबून धरली. मी वेड्यासारखी पुन्हा माणसं मोजत होते. दोनशे अकरा. पुन्हा मोजली. दोनशे अकरा.

पाच वाजता मुजावर मॅडमचा फोन लागला. त्यांनी आधी माणसं विचारली. आडेलवणचा डोंगर जागेवर होता.

"वरून विचारतायत," त्या म्हणाल्या. "तुझं पत्र आहे माझ्याकडे. तांत्रिक दोष वेळीच ओळखून गाव हलवलं, असं कळवते. त्यात काही खोटं नाही. तुझी नोकरी राहील, कानोसाचं नावही राहील."

मला ते हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. पण गावाला तोंडावर सांगून झालं होतं. आता कागदाला काय लपवायचं?

"ते दोन शब्द खोडा, मॅडम," मी म्हटलं. "यंत्र शेवटपर्यंत हिरवं होतं. मोजणी मी चुकीच्या दिवसांत घेतली आणि गावात कोणाला विचारलं नाही. असं लिहा. बाकीच्या एकेचाळीस गावांचे शंभर कोणी, कधी, कुठल्या दिवसांत घेतले, तेही आज तपासायला हवं. माझ्यावर सोडू नका ते. दुसरं कोणीतरी द्या."

"नोकरी जाईल, रसिका."

"जाऊ दे," मी म्हटलं. म्हणताना वाईट वाटलंच.

शाळेच्या स्वयंपाकघरात मोठ्या टोपांत भात शिजला. कुळीथ कोणीतरी येताना पोत्यात घालून आणले होते. आवतण आपांचं, म्हणून पंगती आपांनी वाढल्या. दोनशे माणसं जेवेपर्यंत ते बसले नाहीत. प्रत्येकाला, पोटभर जेवा, म्हणत राहिले. लोक रडत जेवत होते, आणि यजमानाचा मान राखायचा म्हणून दुसऱ्यांदा भात मागून घेत होते.

शेवटी व्हरांड्यात आपांसाठी मी पान मांडलं. ते बसले. समोर नदीपलीकडे लाल मातीचा ढिगारा होता आणि त्यावर पाऊस पडत होता.

"आपा, माझ्यार रागावलास?"

"रागावलंय," ते म्हणाले. "देवाच्या नावार खोटा बोल म्हणालंस. ता मी मरासर विसरूचंय नाय."

मी मान खाली घातली. भात वाढला.

"कौल बरोबर होतो," ते म्हणाले.

"काय?"

"गावपळण म्हंजे काय गो? तीन दिस भायर रवाचा आनि परत येवन गाव भरूचो. मी देवाक ताच विचारलंय, गावपळण देतंस काय. तो नको म्हणालो. दोनदा इचारलंय, दोनदा नको म्हणालो." त्यांनी समोर बोट दाखवलं. "परत येवक गाव खंय आसा?"

देव खरंच तसं बोलला की फूल नुसतंच गळून पडलं, हे मला ठरवता येत नाही आणि मी ठरवायलाही जात नाही. मला एवढंच दिसलं, की सत्तर वर्षांचा माझा बाप पानावर हात तसाच धरून हुंदके देत होता. मी त्यांच्या शेजारी बसले आणि मीही रडले, घरासाठी, देवळासाठी, माझ्या त्या सत्काराच्या पाटीसाठीसुद्धा. कोणी आम्हाला थांबवायला आलं नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले. पिठी भातावर ओढून घेतली, भात कालवला आणि पहिला घास माझ्यापुढे धरला.

"जेव," ते म्हणाले. "सकाळपासून उपाशी आसंस."